जुन्या गाडीवरील छाप : काढावी की ठेवावी ?



आपल्यापैकी फार थोडी कुटुंबे नवीकोरी गाडी विकत घेतात. बहुतेकांच्या दारात येते ती दुसऱ्याने वापरलेली गाडी. कोणाची रिक्षा, कोणाचा तीनचाकी टेम्पो, कोणाची मोटारसायकल. ती हप्त्याने घेतलेली असते आणि घरातील चार तोंडांचा घास तिच्यावर अवलंबून असतो. परंतु ही गाडी एकटी येत नाही. पहिल्या मालकाने रेडियमवाल्याकडून चिकटवून घेतलेल्या रंगीत पट्ट्या, देवतेचे चित्र, कुळाची किंवा जातीची बढाई सांगणारी अक्षरे, हे सारे तिच्यासोबत येते. कागदपत्रे आपल्या नावावर होतात, पण मागची काच मात्र अजून दुसऱ्याच्याच तोंडाने बोलत असते.

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे मग प्रश्न उभा राहतो : ही छाप काढावी की ठेवावी ? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु भीती, पोट, आईबापांचे मन आणि आपली ओळख या चारही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. म्हणून तो शांतपणे सोडवला पाहिजे.

प्रथम भीतीचा विचार करू. घरात कोणीतरी म्हणतेच, “नका काढू, कोप होईल. गाडी रस्त्यावर चालायची आहे.” या भीतीला रागावून उत्तर देऊ नये, माहिती देऊन उत्तर द्यावे. ते चित्र म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे. त्याच्या पाठीला दाबाने चिकटणारा गोंद आहे. उन्हाने त्याचा रंग उडतो, कडा वळतात, तो तडकतो. जो पापुद्रा उन्हापासून स्वतःचे रक्षण करू शकत नाही, तो ब्रेक नादुरुस्त असलेल्या गाडीचे रक्षण कसे करणार ? गाडी सुरक्षित राहते ती चांगल्या टायरने, वेळेवर बदललेल्या तेलाने आणि दारू न प्यालेल्या चालकाने. पाचवे शील येथे अगदी रोकडे उपयोगी पडते.

आता पोटाचा प्रश्न. तो अधिक अवघड आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील भाजीचा टेम्पो चालवतात. ते मला म्हणाले, “मास्तर, चित्र आहे तोवर कोणी काही विचारत नाही. काढले की पहिला प्रश्न येतो, तुम्ही कोणाचे ? मग भाडे दुसऱ्याला जाते.” या माणसाला आपण काय सांगणार ? प्रतिज्ञा पाठ म्हणून दाखवणार ?

येथे तीन गोष्टी वेगवेगळ्या केल्या पाहिजेत. जो केवळ सवड नाही, पैसा नाही म्हणून जुनी छाप तशीच राहू देतो, त्याच्याकडे कोणताही दोष जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुन्या देवांना न मानण्याचा व त्यांची उपासना न करण्याचा निश्चय आहे. प्लॅस्टिकचा तुकडा गाडीवर राहिला म्हणून उपासना होत नाही. दुसरा माणूस भाडे बुडेल या भयाने छाप ठेवतो. त्याच्याबाबतीत पहिला दोष भाडे नाकारणाऱ्याचा आहे, हे आपण विसरता कामा नये. अनुसूचित जातीच्या माणसावर आर्थिक बहिष्कार घालणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. भ्यालेल्या माणसाला आपल्याच वस्तीत भेकड म्हणणे हे सोपे काम आहे. त्याला दोन भाडी मिळवून देणे हे त्याहून अवघड आणि अधिक धम्माचे काम आहे.

तिसरा माणूस मात्र वेगळा. त्याला भय नाही, गरज नाही, तरी लोकांनी आपल्याला दुसऱ्याच कोणाचा समजावे म्हणून तो छाप जपतो, नवी करून घेतो आणि वस्तीत आला की जयभीम म्हणतो. चौथे शील केवळ जिभेसाठी नाही. मागच्या काचेनेही खोटे बोलता येते.

मग काढायची ठरली, तर कशी काढावी ? अनेक घरांत तरुण मुलगा दीक्षेच्या उत्साहात स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि खरवडू लागतो. अर्ध्या तासात चित्र जाते आणि त्याच्याबरोबर गाडीचा रंगही जातो. कारखान्यात दिलेला रंगाचा सगळा थर मिळून साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो. तो फाटला की पत्रा उघडा पडतो, उघड्या पत्र्याला पावसाळ्यात गंज लागतो. छाप गेली, पण तिच्या जागी भोक आले.

म्हणून जाणते कारागीर लोखंडी हत्यार हातात घेत नाहीत. ते आधी गाडी साबणाने धुतात, कारण धूळ राहिली तर तीच रंगाला ओरखडे पाडते. मग पट्टीला ऊब देतात. हेअर ड्रायर असेल तर तो थोडा दूर धरून हलवत राहतात, नसेल तर गरम पाण्यात भिजवलेले फडके पट्टीवर धरतात. हाताला सोसेल इतकीच ऊब हवी. पेटता बोळा किंवा ज्योत कधीही जवळ नेऊ नये. उबेने गोंद मऊ होतो. मग नखाने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने एक कोपरा उचलायचा आणि पट्टी सरळ वर न ओढता, तिच्याच अंगावर उलटी दुमडून, सावकाश मागे ओढायची. अडली की पुन्हा ऊब. गाडी पूर्वी बाहेर रंगवून घेतलेली असेल, तर तो रंग पट्टीबरोबर निघू शकतो, म्हणून आधी एखादा दिसण्यात न येणारा कोपरा करून पाहावा. राहिलेल्या गोंदावर थोडे खोबरेल तेल लावून काही वेळ मुरू द्यावे, मग मऊ फडक्याने पुसून साबणाने धुवावे. थिनर वापरू नये. तो गोंदाबरोबर रंगालाही खातो.

नवी पट्टी एका तुकड्यात निघते. दहा वर्षे ऊन खाल्लेली पट्टी नखाएवढ्या तुकड्यांनी निघते. ज्याला घाई आहे त्याने हे काम हाती घेऊ नये.

माणसाच्या मनाचेही असेच आहे. तुमच्या घरातील सत्तर वर्षांच्या आजीच्या मनावर जे चिकटलेले आहे ते एका दिवसात चिकटलेले नाही. तिच्या देव्हाऱ्यावर रागाने हात टाकणारा नातू स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेल्या मुलासारखाच आहे. तो श्रद्धा काढायला जातो आणि माया फाडून बसतो. मज्झिमनिकायातील उपाली गृहपतीची कथा आठवा. तो निगंठांचा मोठा उपासक होता आणि वाद घालायला येऊन तथागतांचा अनुयायी झाला. तेव्हा तथागतांनी त्याला आधी नीट विचार करण्यास सांगितले, आणि ज्या निगंठांना त्याच्या घरून इतके दिवस भिक्षा मिळत होती त्यांची भिक्षा बंद करू नये, असेही सांगितले. नवा मार्ग धरणाऱ्याने जुन्यांशी कसे वागावे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवा : गाडी मालकाची असेल आणि तुम्ही केवळ चालक असाल, किंवा भागीदाराचा तिच्यात वाटा असेल, तर त्याच्या श्रद्धेची खूण त्याला न विचारता काढण्याचा तुम्हाला अधिकार नाही. आपल्या श्रद्धेचा मान मागणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवलाच पाहिजे.

जागा मोकळी झाली की दुसऱ्याच दिवशी तेथे निळी पट्टी लावण्याची घाई होते. लावण्यास माझी हरकत नाही. पण वत्थूपम सुत्तात तथागतांनी वस्त्राचे उदाहरण दिले आहे : मळलेले वस्त्र कोणत्याही रंगात बुडवले तरी रंग चांगला चढत नाही, स्वच्छ वस्त्रावर तो खुलून येतो. जुन्या गोंदावर नवी पट्टी लावली तर तिला फुगे येतात. मनात जुनी उच्चनीचता तशीच ठेवून, पोटजात पाहून सोयरीक जुळवून, गाडीवर मात्र अशोकचक्र लावणाऱ्याचे तसेच होते.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पट्टी निघाली, गोंद गेला, तरी बऱ्याच गाड्यांवर तिची आकृती दिसतच राहते. अक्षरे नसतात, पण वाचता येतात. लोक चिडतात आणि त्या आकृतीवरच जोरजोराने घासू लागतात. हे चूक आहे. ती आकृती म्हणजे डाग नव्हे. पट्टीने तेवढ्या जागेचे ऊन अडवले होते, म्हणून तिच्याखाली गाडीचा मूळ रंग ताजा राहिला आहे. फिका पडला आहे तो भोवतालचा रंग. म्हणून जाणता कारागीर रबिंग कंपाउंड घेतो ते भोवतालच्या निस्तेज रंगावर फिरवतो, हलक्या हाताने, वरचा मेलेला थर तेवढा निघेपर्यंत. मग दोन्ही भाग हळूहळू एकमेकांजवळ येतात. फार जुन्या गाडीवर थोडा फरक तरीही राहतो. तो पुढचे ऊन आणि पुढची वर्षे मिटवतात.

बंधूंनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने उच्च न्यायालयाच्या निकालानंतर वाहनांवरील जातिदर्शक खुणा काढण्याचा आदेश दिला. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पट्टी निघालीच पाहिजे. परंतु पाटी बदललेल्या वस्तीतील मुलाला शेजारचे गाव अजून जुन्याच नावाने ओळखत असेल, तर तो मुलगा स्वतःलाच घासू लागतो. आपले आडनाव लपवतो, आपली बोली बदलतो, आईला शाळेत येऊ नको म्हणतो. शिक्षक म्हणून हे मी वर्गात पाहतो. त्या मुलाला आपण सांगितले पाहिजे : तुझ्यावर डाग नाही. तुझ्यावर दुसऱ्यांनी पट्टी चिकटवली होती, ती निघाली, आणि खाली जे आहे तो माणसाचा मूळ रंग आहे. घासायचे आहे ते भोवतालला.

तेव्हा छाप जरूर काढा. भीतीने ठेवू नका आणि रागाने खरवडू नका. ऊब द्या, वेळ द्या, दुसऱ्याची असेल तर त्याला विचारा. आणि आकृती उरली तर लाजून स्वतःला झिजवू नका. फडके भोवतालच्या निस्तेज रंगावर फिरवा. ते काम एका घराचे नाही, साऱ्या वस्तीचे आणि गावाचे आहे, आणि ते आपल्यालाच सुरू करावे लागणार आहे.

नमो बुद्धाय ! जयभीम !