थेंब आणि प्रमाद

शिरेवाटे चाललेल्या द्रावणाची गती ठरविणारे नळीवरचे लहानसे चाक पुढेमागे सरकवीत, घड्याळाकडे नजर लावून थेंब मोजणारी परिचारिका ज्याने रुग्णशय्येवरून पाहिली असेल, त्याला एका लिटराची बाटली आठ तासांत संपवावयाची तर 20 थेंबांचा मिलिलिटर या हिशेबाने मिनिटाला सुमारे 42 थेंब पडावयास हवेत हे गणित ठाऊक नसले, तरी आपला जीव या घटकेला दुसऱ्याच्या अवधानावर तोललेला आहे एवढे उमगल्यावाचून राहत नाही.

हे अवधान ढळून अनर्थ ओढवला, तर त्याला पाप म्हणावे काय? धर्मशास्त्राने जाणूनबुजून घडलेल्या आणि नकळत घडलेल्या पातकांत भेद करून प्रायश्चित्तेही निरनिराळी सांगितली. जैन आचार्य उमास्वातींनी तर तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, जोड दिली. परंतु या दोन्ही विचारांत कर्ता कोणी एक असतो. रुग्णालयाला साधने पुरविणाऱ्या बाजारात तो कोठे शोधावा?

सुई टोचून सेवकवर्गाला कावीळ किंवा एड्स यांची लागण होऊ नये म्हणून अमेरिकेत नळीच्या तोंडाशी सुईवाचून जोडता येणाऱ्या झडपा प्रचारात आल्या, आणि 2000 सालच्या कायद्याने अशा सुरक्षित साधनांचा विचार करणे तेथील मालकांवर बंधनकारक केले. त्यांतील काही झडपा, रक्त मागे येऊन नळी तुंबू नये म्हणून, पिचकारी काढताच थोडे द्रावण पुढे लोटीत. हेतू निर्मळच होता. पण या झडपांचा वापर सुरू झाल्यावर काही रुग्णालयांत रक्तातील जंतुसंसर्ग वाढल्याचे आढळले, आणि 2010 साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने कारखानदारांना या मालाची संसर्गाच्या दृष्टीने पाहणी करण्याचा हुकूम दिला. कारखानदार परवान्याकडे बोट दाखवितो, खरेदी खाते दरपत्रकाकडे, आणि घाईत असलेली परिचारिका झडपेचे तोंड स्पिरिटाने घासण्याचे 5 ते 15 सेकंद वाचविते. प्रत्येकाची कसूर इतकी अल्प की कोणत्याच दप्तरी तिची नोंद होऊ नये, मात्र तिची बेरीज व्हावयाची ती रुग्णाच्या रक्तात.

म्हणून उमास्वातींच्या व्याख्येतील प्रमाद आता व्यवस्थेलाही लावावा लागेल, असे मला वाटते. मात्र व्यवस्थेचा दोष म्हणताच तो कोणाचाच नसल्याची सोयीची मखलाशी होते, हा धोका राहतोच. मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत 2003 च्या सुमारास डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय केला तो अगदी साधा होता. नळीवाटे रक्तात जाणारा संसर्ग टाळण्यासाठी हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, गरज सरताच नळी काढणे अशा पाच बाबींचा शिरस्ता त्यांनी घातला, आणि डॉक्टरने त्यांतील एखादी गाळली तर त्याला तेथेच थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. तीन महिन्यांत 1000 नलिका-दिवसांमागे (एका रुग्णाच्या शिरेत नळी असलेला एक दिवस म्हणजे एक नलिका-दिवस) संसर्गाचा मध्यांक 2.7 वरून शून्यावर आला. “थांबा, आपण हात धुतलेले नाहीत,” असे वरिष्ठाला सांगणाऱ्या त्या परिचारिकेच्या रूपाने, वाटणीत विरून गेलेल्या जबाबदारीला पुन्हा एक धनी लाभला होता.