किनवटचा ताडोबा करण्याचा हट्ट

मराठवाड्यात जंगल नाही, हे आपण इतक्या वेळा घोकलं आहे की नांदेड जिल्ह्यातलं किनवट-माहूरचं सागवान रान नकाशावर दाखवलं तरी लातूरकरांना खरं वाटत नाही. खरं वाटलंच तर पुढचा प्रश्न तयार असतो: मग तिथे सफारी का नाही? पैनगंगा अभयारण्याचा ताडोबा करा, किनवटचं भलं होईल, असं हल्ली चांगली शिकलेली माणसंही म्हणतात. मागणी भल्या मनाची आहे. म्हणूनच तिचा उथळपणा जास्त सलतो.

ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे विकलं जातं ते वाघ दिसण्याचं जवळपास आश्वासन. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचं, यवतमाळ आणि नांदेडमध्ये पसरलेलं हे रान असं आश्वासन देऊ शकत नाही. 2019 साली टिपेश्वर अभयारण्यातला कॉलर लावलेला वाघ सुमारे 1300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत हेही रान त्याने ओलांडलं, कायमचा मुक्काम केला नाही. वाघांची ही वाट मोकळी ठेवणं हेच या जंगलाचं मोठं काम, आणि वाटेवर जिप्सींची रांग लावून ते होत नाही. हंगामाचाही मेळ बसत नाही. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात तीन महिने बंद असतो. इथला सहस्रकुंड धबधबा पाहावा तो नेमका त्याच दिवसांत. उन्हाळ्यात, सफारीच्या ऐन भरात, तिथे काळा खडक उरतो.

यावर उत्तर येतं रोजगाराचं. मार्गदर्शक, चालक, खानावळवाले यांना काम मिळतं, हे मान्य. पण रस्त्याकडेची जमीन रिसॉर्टला विकून तिथेच पहारेकरी होणं याला रोजगार म्हणायचं असेल तर शब्दांचं दारिद्र्यही मोजावं लागेल. तेंदूपत्ता, मोहफूल, चारोळी, डिंक यांवर ज्यांचं वर्ष उभं असतं, त्यांना सफारीच्या हद्दीत जाताना कुणाला विचारावं लागेल, हा प्रश्न तर या चर्चेत कुणी काढतच नाही. (जंगलात कुणीच पाऊल टाकू नये म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही; ती मंडळी शहरात राहतात.)

माझ्या मते जंगलाकडेची गावं दोन प्रकारची. काही गावांतून माणसं जंगलात जातात, काही गावांत माणसं जंगलातून येतात. ताडोब्याच्या फाटकावरचं मोहर्ली पहिल्या प्रकारचं झालं आहे. किनवट अजून दुसऱ्या प्रकारचं आहे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा माणसं इथे बाजाराला, तहसिलीत, दवाखान्यात, आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात येतात. बसस्थानकावर उभं राहिलं की मराठीबरोबर तेलुगू, गोरमाटी, गोंडी कानावर पडते. 1956 पर्यंत हा तालुका आज तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता.  भाषावार प्रांतरचनेत सरहद्द सरकली, सोयरिकी मात्र राहिल्या.

पहिल्या प्रकारच्या गावात दुकानात काय ठेवायचं हे पाहुणा ठरवतो, दुसऱ्या प्रकारात पाड्यावरची बाई. गाव मोठं की लहान, मागास की पुढारलेलं, या सगळ्यापेक्षा मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. कदाचित मी तो जरा ताणतोही आहे; माहूरच्या रेणुकामातेला जाणारे भाविक शतकानुशतकं या रानातून जात आले आहेत आणि त्यांच्यावर इथली दुकानं चालतात. पण भाविकाला गाव बदलायचं नसतं. सफारीला मात्र गावच नको असतं, फाटक हवं असतं.

2016 साली रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या माणसाने तरी किनवटला जावंच. श्रावणात जा, मुदखेडवरून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेने जा, गावात राहा, बाजारात डिंक-चारोळी घ्या. आणि परतल्यावर किनवटसाठी काही मागायचंच असेल, तर पाड्यांवरून किनवटला येणाऱ्या एसटीच्या फेऱ्या वाढवून मागा.