वशीकरणानंतरचा होकार

जॉन व्हॅन ड्रूटेन यांच्या १९५० सालच्या नाटकावरून रिचर्ड क्वाइन यांनी १९५८ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘बेल, बुक अँड कँडल’ हा चित्रपट वरवर पाहता न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधील एक हलकीफुलकी प्रेमकथा असला, तरी तिच्या पोटातील पेच नीतिशास्त्राने गांभीर्याने हाताळावा इतका अवघड आहे. नायिका गिलियन हिच्या होलरॉइड कुटुंबाच्या अंगी चेटूकविद्या आहे. भाऊ निकी तिच्या बळावर रस्त्यावरचे दिवे विझवण्यात रमतो, क्वीनी आंटी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेप हेंडरसन या प्रकाशकाचा फोन बिघडवून ठेवते, आणि हा शेप गिलियनच्या कॉलेजातील जुन्या वैरिणीशी, मर्लशी, लग्न करणार असल्याचे कळताच ती आपले सयामी मांजर जवळ धरून गुणगुणू लागते व शेपवर वशीकरण करते. वशीकरण म्हणजे दुसऱ्याची इच्छा त्याच्या नकळत आपल्याकडे वळवणारे कर्म. तंत्रग्रंथांनी षट्कर्मांत, म्हणजे सहा अभिचारकर्मांत, त्याची गणना केली आहे. रात्रभर गिलियनच्या सहवासात राहिलेला शेप पहाटे फ्लॅटआयर्न इमारतीच्या माथ्यावरून आपली हॅट खाली भिरकावून देतो, आणि त्या क्षणीच्या त्याच्या आनंदात खोटेपणाचा लवलेशही दिसत नाही.

त्या आनंदाला प्रेम म्हणावे काय, या प्रश्नावर तत्त्वज्ञानाच्या एक प्राध्यापिका आणि त्यांची विद्यार्थिनी यांच्यातील संवाद येथे कल्पिला आहे.

पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडले जाणारे मत, विद्यार्थिनीने मांडला. “बाई, कोणतेही प्रेम कुठल्या ना कुठल्या कारणाने उपजते. रूप, आवाज, त्या दिवसांतले एकटेपण, यांपैकी एकही कारण माणूस स्वतः निवडत नाही. मग मंत्र हे आणखी एक कारण मानले, तर बिघडते कोठे?”

“कारण निवडता येत नाही, हे मान्य,” प्राध्यापिका म्हणाल्या, “पण रूपावर भाळलेल्या माणसाला पुढे स्वभाव खटकला, तर तो मागे फिरू शकतो. शेपला मात्र कडाक्याचे भांडण झाल्यावरही गिलियनला सोडून जाताच येत नाही, आणि सुटकेसाठी बियांका द पास या दुसऱ्या चेटकिणीचे पाय धरावे लागतात. त्याची भावना खरी असेलही. तिला संमती मात्र म्हणता येणार नाही, कारण नकाराची वाट मोकळी असताना दिलेल्या होकारालाच संमती म्हणतात.”

“परंतु आपण चेटकीण असल्याचे गिलियन पुढे स्वतःहूनच सांगते. तेथे तिचा दोष धुऊन निघत नाही का?”

या प्रश्नापाशी प्राध्यापिका बराच वेळ थांबल्या, आणि ते योग्यच होते, कारण सगळा पेच येथेच आवळला जातो. “सांगण्याची सक्ती कोणीही केलेली नव्हती, म्हणून त्या कबुलीचे मोल मोठेच आहे. तरीही क्रम चुकला. वशीकरण आधी उतरवायचे आणि मग सत्य सांगायचे, याऐवजी तिने बांधून ठेवलेल्या माणसाला तो बांधलेला असल्याचे सांगितले. सत्य कळूनही त्यावर काही करता येत नसेल, तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला केवळ संताप येतो, आणि शेपच्या वाट्याला तोच आला.”

“त्याची शिक्षा तर तिला मिळालीच,” विद्यार्थिनीच्या स्वरात आता तक्रार होती. “प्रेमात पडलेल्या चेटकिणीची शक्ती लोपते आणि तिच्या डोळ्यांत प्रथमच पाणी येते, असा त्या कथेचा नियम आहे. काही महिन्यांनी परतलेला शेप, तिची शक्ती गेल्याचे कळल्यावर, तिला स्वीकारतो. गमावायचे ते सगळे तिनेच!”

“ही तक्रार न्याय्य आहे, आणि त्या नियमाने आणखी एक हानी केली आहे. शक्ती असूनही ती न वापरण्याला संयम म्हणतात. शक्तीच हिरावून घेतल्यावर संयमाला जागाच उरत नाही. या चित्रपटाचे ऋण मान्य करणाऱ्या सोल सॅक्स यांनी निर्मिलेल्या ‘बिविच्ड’ या १९६४ ते १९७२ या काळातील मालिकेत समँथाची शक्ती शाबूत राहते आणि ती नवऱ्याला, डॅरिनला, जादू न करण्याचे वचन देते. त्या वचनाला अर्थ आहे, कारण ते मोडणे रोज तिच्या हाती असते.”

“मग डॅरिनने ते वचन मागणेही योग्यच म्हणायचे?”

“नाही. ‘माझ्या मनावर जादू करू नकोस’ एवढेच मागण्याचा त्याला अधिकार होता. नाक हलवून स्वयंपाकघर आवरले, तर कोणाच्या इच्छेवर घाला पडत नाही. तेही त्याने वर्ज्य ठरवले, आणि त्यावर समँथाची आई एन्डोरा चिडते, ते रास्तच आहे.”

विद्यार्थिनी पुन्हा मूळ कथेकडे वळली. “गिलियनने मंत्र आधी उतरवला असता आणि शेप कायमचा निघून गेला असता, तर?”

“तर तो त्याचा निर्णय ठरला असता, आणि तिला तो सोसावा लागला असता. चित्रपटात तो परततो आणि तिला जवळ करतो, तेव्हा त्याला भिण्यासारखे काही उरलेलेच नसते. त्यामुळे त्याने तिच्यावर विश्वास टाकला, असे म्हणायला आधार सापडत नाही. एका गुणगुणण्यासरशी आपल्याला पुन्हा बांधू शकेल अशा गिलियनच्या दाराची पायरी तो चढला असता काय, हे विचारण्याची वेळच त्या नियमाने त्याच्यावर येऊ दिली नाही.”