चिंता म्हणजे प्रेम काय?

इंडोनेशियाच्या भाषेत प्रेमाला ‘चिंता’ म्हणतात. तेथे मुलींची नावेही चिंता ठेवतात, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. शब्द मूळचा संस्कृत. सुमात्रात पालेंबांगजवळ सापडलेल्या इ. स. 683 च्या जुन्या मलय शिलालेखातही संस्कृत शब्द आहेत. इतक्या पूर्वी हे शब्द समुद्रापार गेले. भावनेला तेथे ‘पेरासाआन’ म्हणतात, त्यातही आपला ‘रस’च आहे. संस्कृतात चिंता म्हणजे मनात घोळत राहिलेला विचार. मराठीत त्यातला घोर तेवढा उरला. तिकडे, ज्याचा विचार मनातून जात नाही त्याच्यावरचे प्रेम उरले.

मग चिंता हेच प्रेम म्हणावे काय?

कॅनडात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. वृद्ध आई ठाण्यात किंवा अश्दोदला, आपण टोरोंटोत, मुलगा कॅलगरीला. बर्फ पडू लागले की आपण मुलाला तीनदा फोन करतो, आणि त्याला तो पहारा वाटतो. तिकडून आईचा फोन आला की आपणच तिला म्हणतो, “तू उगाच काळजी करतेस.”

मराठीने येथे दोन क्रियापदे दिली आहेत. काळजी करणे वेगळे, काळजी घेणे वेगळे. पहिले आरामखुर्चीत बसून होते. दुसऱ्यासाठी उठावे लागते. हिब्रूत ‘दआगा’ म्हणजे चिंता. पण त्याच धातूच्या क्रियापदाचा ‘एखाद्याची सोय पाहणे’ असाही अर्थ होतो. अनुवादाच्या 10 व्या अध्यायात परमेश्वराचे परक्यावरील प्रेम सांगताना अन्नवस्त्राचा उल्लेख सोबतच येतो. प्रेम तेथे नुसते मनात राहत नाही.

आपल्या वाडवडिलांनाही हे कळत होते. मुलगा दूर प्रवासाला निघाला की एलियाहू हन्नबीला नवस बोलत, तो सुखरूप पोहोचला की मलिदा करून चारचौघांना वाटत. चिंतेला त्यांनी कामाला लावले.

कोणी म्हणेल, मुंबई येथून बारा हजारांवर किलोमीटर दूर. इतक्या लांबून काळजी घ्यायची कशी? हात पोहोचत नाहीत हे खरे. पण “कशी आहेस?” एवढेच विचारून फोन ठेवणे आणि “डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोबत कोण येणार?” असे विचारून कोणाची तरी व्यवस्था लावणे, यांत फरक आहे. शिवाय, ऐंशी वर्षांच्या आईला आपल्यासाठी करण्याजोगे काळजीखेरीज दुसरे काम उरलेले नसते. ती करू नकोस म्हणणे म्हणजे तेवढेही काढून घेणे. तिची काळजी निमूटपणे ऐकून घेणे, हीसुद्धा तिची काळजी घेणेच होय.

मुलाच्या बाबतीत मात्र आपणच स्वतःला विचारावे: हा तिसरा फोन त्याच्या गरजेसाठी आहे, की आपली भीती शांत करण्यासाठी? ‘बीना’ हा हिब्रू शब्द आपल्याला परिचित आहे. त्याचा अर्थ समज. ती नसेल तर चिंता समोरच्याला ओझे होते.

ज्या चिंतेने दुसऱ्याचा भार थोडा तरी हलका होतो, तिला इंडोनेशियातील माणसांप्रमाणे आपणही खुशाल प्रेम म्हणावे. उरलेली चिंता आपली स्वतःची आहे. ती प्रार्थनेत परमेश्वरापुढे ठेवावी, मुलांच्या पदरात टाकू नये.