उपसंहाराची विद्या : सत्ता, निष्ठा आणि महास्त्र

आकाशगंगेवर पसरलेल्या काल्पनिक साम्राज्यांच्या कथा आपल्याकडील समीक्षेने सहसा गांभीर्याने घेतलेल्या नाहीत. करमणुकीच्या कप्प्यात टाकून त्यांची वासलात लावली जाते. परंतु या कथाप्रकाराच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न करमणुकीचा नाही. एका ग्रहाचा एका क्षणात नाश करू शकणारे अस्त्र ज्या सत्तेच्या हाती आहे, त्या सत्तेशी एकनिष्ठ राहणे हा सद्गुण ठरतो काय, हा तो प्रश्न. निष्ठेची थोरवी निष्ठेच्या विषयावर अवलंबून असते, एवढे उत्तर चटकन देता येते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सत्तेच्या हातातील साधन बदलले की निष्ठा या संकल्पनेचेच स्वरूप बदलते का, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील साम्राज्याचे उदाहरण बहुतेकांना परिचित आहे. तेथे दोन घटना लागोपाठ घडतात आणि त्यांचा परस्परसंबंध लक्षात घेण्यासारखा आहे. सम्राट प्रतिनिधिसभा बरखास्त करतो; आणि ग्रहांना धाकात ठेवण्याचे काम आता महास्त्राचे भय करील, असे टार्किन हा अधिकारी सहकाऱ्यांना सांगतो. म्हणजे येथे महास्त्र सभेच्या जागी आलेले आहे. शत्रूचा पराभव हे त्याचे पहिले कार्य नव्हेच. प्रजेच्या संमतीची गरज संपवणे हे त्याचे पहिले कार्य. आल्डेरान हा ग्रह नि:शस्त्र असूनही त्याचीच निवड होते, कारण दूरच्या ग्रहाचा नाश पुरेसा परिणामकारक दिसला नसता. लक्ष्य अपराधावरून ठरत नाही, प्रेक्षकांवरून ठरते. ही कल्पना केवळ पटकथाकाराची नाही. १९४५ मध्ये अमेरिकेने लक्ष्य म्हणून शहरे निवडताना, बॉम्बचा परिणाम स्पष्ट दिसावा म्हणून आधीच्या हल्ल्यांत फारशी उद्ध्वस्त न झालेली शहरे पसंत केली होती.

हॅना आरेन्ट यांनी १९७० च्या ‘ऑन व्हायोलन्स’ या पुस्तकात सत्ता आणि हिंसा यांच्यात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. सत्ता अनेकांच्या एकत्र असण्यावर टिकते, तर हिंसा साधनांवर. सत्तेचे टोक म्हणजे सर्वांनी मिळून एकाविरुद्ध उभे राहणे आणि हिंसेचे टोक म्हणजे एकाने सर्वांविरुद्ध उभे राहणे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हा भेद मान्य केला तर निष्ठेविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जुन्या राजाला हजारो सैनिकांचे इमान लागे; म्हणून प्रत्येक सैनिकाच्या हाती, कितीही अल्प असला तरी, नकाराचा अधिकार असे. महास्त्र बांधायला लाखो हात लागतात, परंतु ते सोडायला मोजके पुरतात. बांधणाऱ्या लाखोंची निष्ठा कसोटीला लागतच नाही, कारण प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा इतका लहान तुकडा येतो की नकार द्यावा असे त्यात काही दिसत नाही. कसोटीला लागते ती मोजक्यांची निष्ठा. आणि तेथे नेमकी निवडलेलीच माणसे बसवलेली असतात.

गिरणगावाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला हा मुद्दा वेगळ्या रीतीने पटेल. आपण ‘संपाचे हत्यार’ असे म्हणतो. हे हत्यार महास्त्राच्या नेमके उलट आहे. ते अनेकांनी एकाच वेळी हात मागे घेतल्यानेच चालते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांच्या निर्धारात उणीव होती असे म्हणता येणार नाही. परंतु परळ-लालबागच्या जमिनीचे मोल जसजसे गिरणीतल्या उत्पादनापेक्षा वरचढ होत गेले, तसतशी मालकांना कामगाराच्या हजेरीची गरज उरली नाही. आणि ज्याची हजेरी नको, त्याच्या गैरहजेरीला धार नसते. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. तो निरर्थक करण्यात आला. अनेकांच्या सहकाराविना चालू शकणारी सत्ता अनेकांच्या असहकाराला भीत नाही, हे समजण्यासाठी आकाशगंगेत जावे लागत नाही.

मराठीत निष्ठेला अनेक शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. ‘मिठाला जागणे’ यात उपकाराची परतफेड आहे. ‘इमान’ यात दिल्या शब्दाचे बंधन आहे. ‘स्वामिनिष्ठा’ व्यक्तीशी बांधलेली आहे. ‘तत्त्वनिष्ठा’ व्यक्तीपलीकडे जाते. या शब्दांतील ताण आपल्या नाटकाने ओळखला होता. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकात नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रामशास्त्री ज्या भूमिकेवर उभे राहतात, ती पदाशी असलेल्या निष्ठेची आहे. पेशवाईशी इमान राखायचे म्हणूनच पेशव्याला दोषी ठरवायचे. परंतु रामशास्त्र्यांचा नकार परिणामकारक ठरतो, कारण त्या सत्तेला न्यायासनाची मान्यता हवी होती. ज्या सत्तेने सभाच बरखास्त केली आहे, तिच्यापुढे रामशास्त्री कोणता राजीनामा ठेवणार? महास्त्राच्या छायेत तत्त्वनिष्ठेचा हा उज्ज्वल आदर्शही अपुरा पडतो. म्हणून अधिक जुन्या आणि अधिक कठोर संहितेकडे वळणे भाग आहे.

महाभारताच्या सौप्तिकपर्वातील अस्त्रप्रसंग बहुधा शापकथा म्हणून वाचला जातो. त्याची रचना मात्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विलक्षण नेमकी आहे. द्रोणांनी ब्रह्मशिर अस्त्र प्रथम अर्जुनाला दिले. पुत्राने हट्ट धरला म्हणून त्यालाही दिले, पण अनिच्छेने. आणि प्राणसंकटातही, विशेषत: मनुष्यांवर, ते सोडू नये अशी आज्ञा दिली. हा सन्मार्गावर टिकणार नाही, असेही त्यांनी म्हणून ठेवले. म्हणजे देणाऱ्याला धोका ठाऊक होता आणि तरीही त्याने दिले. महास्त्राच्या इतिहासातील पहिला अपराध वापराचा नसून दानाचा आहे.

पुढे पांडव वनवासात असताना अश्वत्थामा द्वारकेस जातो आणि ब्रह्मशिराच्या मोबदल्यात कृष्णाकडे चक्र मागतो. कृष्ण म्हणतो, माझ्या आयुधांपैकी हवे ते घे, बदल्यात काही नको. अश्वत्थाम्याला चक्र जागचे हलवताही येत नाही. तेव्हा कृष्ण विचारतो, हे घेऊन तू कोणाशी लढणार होतास? उत्तर येते : तुझी पूजा करून तुझ्याशीच. महास्त्राच्या लोभाचे याहून प्रामाणिक वर्णन क्वचितच आढळेल. शत्रू आधी आणि अस्त्र नंतर, असा क्रम येथे नाही. अजिंक्य होण्याची इच्छा आधी आहे. शत्रू नंतर ठरतो आणि तो पूज्यही असू शकतो.

अश्वत्थामा दुर्योधनाचा अखेरचा सेनापती आहे. रात्रीच्या संहाराची वार्ता ऐकून दुर्योधन प्राण सोडतो. त्यानंतर, पांडव पाठलाग करीत येतात तेव्हा, दर्भाच्या काडीवर अस्त्राची योजना होते. त्या क्षणी स्वामी हयात नाही, राज्य उरलेले नाही, आज्ञा देणारे कोणी नाही. निष्ठा संपली आहे, अस्त्र शिल्लक आहे. अस्त्राचे आयुष्य निष्ठेच्या आयुष्यापेक्षा मोठे असते, ही गोष्ट स्वामिनिष्ठेचे कोणतेही तत्त्वज्ञान विचारात घेत नाही.

अर्जुनही प्रतिकारार्थ तेच अस्त्र सोडतो आणि नारद व व्यास दोन अस्त्रांच्या मध्ये येऊन उभे राहतात. अर्जुन अस्त्र मागे घेतो. व्रतस्थ माणसालाच ते शक्य असते. अश्वत्थाम्याला ते साधत नाही. तो अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. सोडण्याची विद्या दोघांनाही आहे. उपसंहाराची विद्या एकालाच. महाभारत येथे एक निकष देते : जे मागे घेता येत नाही, त्याचा माणूस स्वामी नसतो, केवळ वाहक असतो. आणि मागे न घेता आलेले अस्त्र अखेर जे युद्धात कधी नव्हते, जे जन्मलेही नव्हते, त्यांच्यावर जाऊन पडते.

या प्रसंगाचे आधुनिक वाचन आपल्याकडे झालेले आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘व्यासपर्वा’त (१९६२) अश्वत्थाम्याला स्वतंत्र स्थान आहे, इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) द्रोण-अश्वत्थाम्याकडे स्वधर्म सोडल्याच्या अंगाने पाहिले. धर्मवीर भारतींचे ‘अंधायुग’ हे हिंदी नाटक सत्यदेव दुबे यांनी १९६२ मध्ये मुंबईत रंगभूमीवर आणले, आणि त्यातील ब्रह्मास्त्र हिरोशिमानंतरच्या प्रेक्षकाला परके वाटण्याचे कारण नव्हते. तरीही मराठी वाचकाच्या मनावर अधिराज्य गाजवले ते कर्णाने. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांची लोकप्रियता वेगळी सांगायला नको. वर्गात या कादंबऱ्या शिकवताना एक गोष्ट सातत्याने जाणवते : विद्यार्थ्यांना कर्णाची निष्ठा आठवते, ती कोणत्या कामी आली हे आठवत नाही. अर्जुनासाठी राखून ठेवलेली वासवी शक्ती कौरवसैन्याच्या आग्रहामुळे कर्णाला रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च करावी लागते. दोन राजपुत्रांच्या वैरासाठी साठवलेले अस्त्र पडते ते वनातून बोलावून आणलेल्या राक्षसीपुत्रावर. आणि त्याच्या मृत्यूने कृष्णाला आनंद होतो. निष्ठेला शोकात्म भव्यता दिली की तिचा विषय आणि तिचे बळी दोन्ही नजरेआड होतात. हा दोष कादंबरीपेक्षा आपल्या आस्वादपद्धतीचा अधिक आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या आस्वादामागील विचारप्रणालीवर बोट ठेवले होते. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथातील गीतेवरील निबंधात, भक्तीची कल्पना सरंजामी समाजाला कशी सोयीची ठरली, कुळाला जमीनदाराशी आणि सरदाराला राजाशी बांधणाऱ्या निष्ठेच्या साखळीला तिने कसा आधार दिला, याची त्यांनी मांडणी केली. हेच कोसंबी त्या काळात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. संस्थेचे संचालक होमी भाभा हेच अणुऊर्जा आयोगाचेही अध्यक्ष होते. आणि कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय राहून, भारताला अणूपेक्षा सूर्याची ऊर्जा अधिक योग्य आहे असे जाहीरपणे मांडत होते. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्याची कारणे कोणतीही असोत, एक प्रश्न उरतो : संस्थेशी निष्ठा म्हणजे तिच्या दिशेशी सहमती, की तिच्या दिशेविषयी खरे बोलणे?

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. साम्राज्याचे महास्त्र आणि स्वसंरक्षणार्थ राष्ट्राने बाळगलेले अस्त्र यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. दुसऱ्याच्या हाती अस्त्र असताना नि:शस्त्र राहणे म्हणजे आल्डेरान होणे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांचे समर्थन बव्हंशी याच भूमिकेवरून झाले. अर्जुनानेही प्रतिकारासाठीच अस्त्र सोडले होते, हे मान्य करावे लागेल. परंतु महाभारत अर्जुनाला अस्त्र असल्याचे श्रेय देत नाही. ते मागे घेता आल्याचे देते. शिवाय ब्रह्मशिराला तशाच अस्त्राने अडवले जाते त्या भूमीवर बारा वर्षे पाऊस पडत नाही, असा इशाराही त्याच प्रसंगात आहे. न्याय्य प्रतिकारानेही भूमी जळते. लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रकल्पातून १९४४ च्या अखेरीस जोसेफ रोटब्लाट बाहेर पडले ते, जर्मनी बॉम्ब बनवीत नाही हे स्पष्ट झाल्यावर. ज्या कारणासाठी निष्ठा दिली ते कारण संपले, म्हणून त्यांनी निष्ठा मागे घेतली. उपसंहाराची विद्या अस्त्रापुरती नाही, निष्ठेलाही ती लागते. जी निष्ठा मागे घेता येत नाही, ती स्वतःच एक ब्रह्मशिर असते.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक वाचननियम सुचतो. कोणत्याही एकनिष्ठ पात्राविषयी तीन प्रश्न विचारावेत : त्याच्या हाती काय सोपवले आहे, सोपवणाऱ्याला काय ठाऊक होते, आणि ते मागे घेण्याचे सामर्थ्य त्याने कधी कमावले होते का. त्यानंतर त्याच्या शोकांतिकेबद्दल हळहळावे.

राहतो तो व्यासांचा प्रश्न. स्वतःच्या काव्यात शिरून दोन अस्त्रांच्या मध्ये उभा राहिलेला हा कवी काय साधतो? त्याच्या शब्दाने अर्जुन थांबतो, जो आधीच संयमी होता. अश्वत्थामा थांबत नाही. साहित्याच्या सामर्थ्याविषयी याहून मोठा दावा महाभारत करीत नाही. ज्यांनी उपसंहाराची विद्या मिळवली आहे, त्यांना ती वापरण्याची आठवण वाङ्मय करून देते. ती विद्या युद्धाच्या क्षणी शिकता येत नाही. ती त्याआधी, शांततेच्या काळातच शिकावी लागते.