इनिटमध्ये मी काय तपासतो?

पायथनमध्ये टाइपएरर आला की माझा राग आधी निघतो तो ट्रेसबॅकच्या शेवटच्या ओळींवर. बेरीज करताना फ्लोटशेजारी स्ट्रिंग आली, एवढंच त्या सांगतात. पण ती स्ट्रिंग ऑब्जेक्टमध्ये शिरली केव्हा? ऑब्जेक्ट तयार होताना, इनिटमध्ये. तिथे कुणी हूं की चूं केलं नाही. टाइमआउटचा आकडा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतला होता, आणि तिथून येते ती स्ट्रिंगच. व्हेरिएबल ठेवलाच नसेल तर नन.

त्या पॅरामीटरपुढे मी ठळकपणे 'इंट' लिहिलेलं असतं. टाइप हिंटची ही सोय 2015 साली, पायथन 3.5 मध्ये रुळली. पण प्रोग्राम चालताना पायथन त्या हिंट तपासत नाही, डेटाक्लासही तपासत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. मग 'इंट' लिहून मनाला बरं वाटतं ते कशामुळे? खरं उत्तर असं, की कोड तपासलेला दिसतो म्हणून. टाइप तपासणारा मायपाय कुरकुरला की ओळीच्या टोकाला 'टाइप: इग्नोर' टाकणारा हातही माझाच.

एरर आला तर नशीबच म्हणायचं. टाइमआउट '30' अशी स्ट्रिंग असेल आणि पुढच्या प्रयत्नासाठी तो दुप्पट करायला गेलो, तर पायथन निमूटपणे '3030' देतो.

ननचंही तसंच. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत ननसारखाच नल रेफरन्स आणला, कारण तो आणणं फार सोपं होतं. 2009 साली त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. हा दाखला मी ज्युनियर मुलांना हौसेने ऐकवतो, आणि डिफॉल्ट म्हणून नन लिहितो तेही नेमक्या त्याच कारणासाठी.

एरर दिसला की तो जावा असं मला वाटतं, की तो का आला ते कळावं असं? बहुतेकदा पहिलंच, संध्याकाळी तर हमखास. 'नन नसेल तरच पुढे जा' अशी अट घातली की तिकीट बंद होतं. अर्धवट ऑब्जेक्ट तसाच फिरत राहतो आणि रात्री फोन येतो तो ऑन-कॉल असलेल्या दुसऱ्याच कुणाला.

इनिटमध्येच आलेली किंमत इंटमध्ये बदलून घेतली, तर '30' चा आकडा होतो आणि नन आल्यास टाइपएरर तिथल्या तिथे मिळतो. एका ओळीचं काम. त्यासाठी वेळ नव्हता, हे मी आजवर देत आलेलं कारण खोटं आहे.