बिनकामाचं उभं राहणं

पाणी भरून झालं आहे, दूध तापवून झालं आहे, पेपर अजून घडीतच आहे. आता थोडा वेळ स्वयंपाकघरातच बसू या. स्टूल ओट्यापासून हातभर लांब घ्या. फोन जवळ असू द्या, पण पालथा. त्याचं काम आत्ता नाही.

चहा गाळलेला आहे. कपाकडे बघा. वाफ दिसते का? बहुधा नाही. ती असते, पण मागच्या पांढऱ्या टाइल्समध्ये हरवते. आता कप खिडकीकडे सरकवा, असा की उजेड कपाच्या मागून तिरका येईल आणि वाफेच्या पाठीशी काहीतरी गडद असेल. लाकडी फळी म्हणा, किंवा काळा तवा. दिसली? एक बारीक धागा सरळ वर जातो, वीतभर उंचीवर डगमगतो, मग त्याचे दोन फाटे होतात आणि ते एकमेकांभोवती फिरत नाहीसे होतात. पंखा चालू असेल तर बंद करा. आता धागा जास्त वेळ सरळ राहील. चहा निवला तर निवू दे, पुन्हा गरम करता येईल.

या कपाकडे आपण आयुष्यभर बघत आलो. पण कशासाठी? उतू जातंय का, साखर पुरली का, कुणाचा कप अजून तसाच पडलाय. आभाळाकडे बघायचं ते दोरीवरचे कपडे काढायचे का, हे ठरवायला. स्टेशनवर इंडिकेटर बघायचा तो लेडीज डबा कुठे थांबेल याच्या अंदाजाने पुढे-मागे सरकायला. मुलाचा चेहरा बघायचा तो ताप आहे का म्हणून. त्या बघण्यात माया होती, जबाबदारी होती, त्याला कमी लेखायचं कारण नाही. फक्त बघून झालं की लगेच हात पुढे व्हायचा. आज हात मांडीवरच राहू द्या. वाफ संपेपर्यंत बघा.

आता फोन उचला. आधी त्याची लेन्स पुसा. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा यासाठी उत्तम; हळदीचं, तेलाचं बोट लेन्सला कधी लागतं ते आपल्याला कळत नाही आणि फोटो धुरकट येतात. पडद्यावर वाफेच्या जागी बोट टेका. सूर्याची खूण किंवा उजेडाची पट्टी आली की ती जरा खाली ओढा. मागचं गडद आणखी गडद होतं आणि वाफ उठून दिसते. एक फोटो काढा. एकच. काढून झाल्यावर लगेच बघू नका, फोन खाली ठेवा आणि चहा प्या.

आज जगात टिकून राहिलेला, कॅमेऱ्याने काढलेला सगळ्यांत जुना फोटो असाच घरातून काढलेला आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यात 1826-27 च्या सुमारास नीसेफोर न्येप्स या गृहस्थाने एका धातूच्या पत्र्यावर डांबरासारखा थर दिला आणि तो पत्रा कॅमेऱ्यात घालून वरच्या मजल्याच्या खिडकीत ठेवला. तेव्हा त्यांची साठी उलटून गेलेली होती. समोर काय होतं? घराच्या बाजूच्या भिंती, एक उतरतं छप्पर, एक झाड. चित्र उमटायला निदान आठ तास लागले, कदाचित त्याहून पुष्कळ जास्त. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, म्हणून त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे. अशी दोन्हीकडची उन्हं एका क्षणी कुणालाच दिसणार नाहीत. ती दिसायला दिवस खर्ची घालावा लागतो. साठीनंतरच्या माणसापाशी हे भांडवल असतं, आणि घरातली मंडळी नेमकं त्यालाच रिकामपण म्हणतात. मला तो शब्द इथे लावलेला आवडत नाही.

तर घरातली एक जागा निवडा, जिथे ऊन येतं. माझी जागा म्हणजे बाहेरच्या खोलीतली, दक्षिणेकडच्या खिडकीखालची फरशी. महिन्यातून एकदा, दुपारी साधारण त्याच वेळेला, त्याच ठिकाणी उभं राहून फोटो काढायचा. तारीख फोन आपोआप नोंदवून ठेवतो. मार्गशीर्ष-पौषात ऊन दिवाणाच्या पायापर्यंत आत येतं. मुंबईत डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्यावर चढतो, म्हणून खिडकीतून इतका लांबवर शिरतो. फाल्गुनात ते मागे हटू लागतं, चैत्रात खिडकीच्या कट्ट्याजवळ येऊन थांबतं आणि मग दिसेनासं होतं. मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच मिटते. त्यानंतर दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला जातो आणि जुलैच्या अखेरीला परतताना पुन्हा डोक्यावरून जातो. ते दुसरं जाणं ढगांमुळे बहुतेक वेळा दिसत नाही. शाळेत कर्कवृत्त पाठ केलं होतं. घरातल्या फरशीवर ते चालताना बघायला मला निवृत्तीपर्यंत सवड मिळाली नव्हती.

त्या जागेपाशी आत्ता बसा. उन्हाच्या पट्ट्याची कड बघा. ती रेघेसारखी ठसठशीत आहे की पुसट? खिडकीच्या गजांच्या सावल्या गजांजवळ रेखीव असतात आणि लांब गेल्यावर कडांना मऊ होतात. एक गज निवडा आणि त्याची सावली फरशीच्या सांध्यापासून किती दूर आहे ते लक्षात ठेवा. डोळे मिटा. सावकाश दहा श्वास घ्या. उघडा. सरकलेली दिसली नाही तर आणखी थांबा. ती सरकतेच.

आता चपला घाला. खाली उतरू या.

सोसायटीच्या फाटकाबाहेर, पानाच्या गादीच्या अलीकडे, उभ्या राहा. फोन पर्समध्येच राहू द्या. कुठे जायचं नाही, कुणी येणार नाही, काही आणायचं नाही. दोन मिनिटांत अंगात काय होतं ते बघा. पाय चुळबुळतात. हात पदराशी, ओढणीशी, पर्सच्या चेनशी जातो. नजर उगाच रस्त्याच्या टोकाला जाते, जणू बस यायची आहे. टॅक्सीवाला वेग कमी करून विचारतो, "काकू, कुठे जायचंय?" वॉचमन भला माणूस, तोही विचारतो, "कुणाची वाट बघताय, मॅडम?"

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक 2011 साली आलं. ते मुंबईतल्या बायकांबद्दलच आहे. त्यांचं निरीक्षण असं की बाई रस्त्यावर असली तर तिच्याकडे दाखवता येण्यासारखं कारण असावं लागतं. ती कामाला जाते, मुलांना आणायला जाते, बाजारहाट करते. पुरुष नाक्यावर तासभर उभा राहिला तर त्याला कुणी काही विचारत नाही. त्या तिघींनी बाईसाठीही तो हक्क मागितला, काही कारण न देता शहरात रेंगाळण्याचा. मला ते पुस्तक फार मोलाचं वाटतं. आपली पिढी तर कारणं हातात धरूनच घराबाहेर पडली. रिकामी पिशवीसुद्धा आपण अशी धरतो की लोकांना दिसावी.

कॅमेरा हेसुद्धा एक कारणच आहे. "फोटो काढतेय" म्हटलं की समोरच्याचं समाधान होतं आणि आपल्याला तिथे पाच मिनिटं उभं राहता येतं. सुरुवातीला त्याचा आधार जरूर घ्या. मात्र अधूनमधून असा फोन न काढता उभं राहण्याचा सराव करा. पाय कधी चुळबुळायचे थांबतात, ते बघा. ते थांबल्यावर रस्ता दिसू लागतो. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी गोधडी झटकतं आणि तिच्यातली धूळ उन्हात क्षणभर सोनेरी होते. इस्त्रीवाला कपड्यावर पाणी शिंपडतो. तेही आपण इतकी वर्षं बघितलेलं असतं, पण चालता चालता.

पाय मुरले की पहाटेचं दादर गाठा. स्टेशनाला लागून पश्चिमेला फुलबाजार आहे. तिथे उभं राहायला जागा मिळणं कठीण, तरी कडेने, भिंतीला पाठ लावून, हमालांच्या वाटेत न येता उभं राहता येतं. झेंडूचे ढीग, शेवंती, गुलछडी, पानात बांधलेला सोनचाफा, दुर्वांच्या जुड्या. इथे प्रत्येकाला झेंडूचा फोटो हवा असतो आणि तोच नेमका बिघडतो. गडद केशरी रंगापुढे फोनच्या कॅमेऱ्याची लाल रंग टिपण्याची कुवत आधी संपते, पाकळ्यांच्या कडा पुसल्या जातात आणि नुसता केशरी गोळा उरतो. फुलावर बोट टेकून उजेड पुष्कळ खाली आणा, पडद्यावर काळपट वाटेल इतका. मग पाकळीची प्रत्येक चुणी दिसते. गुडघे वाकत नसतील तर फोन उलटा धरून खाली न्या. लेन्स जमिनीजवळ जाते आणि ढीग डोंगराएवढा होतो.

पण ढिगाशी फार वेळ घालवू नका. गजरे करणारीचे हात बघा. दोऱ्याचं टोक तिच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं आहे. दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, देठाला देठ. दोऱ्याचा एक फास, एक हिसका, पुढची जोडी. नजर मात्र गिऱ्हाइकावर. बोटांना कळी मोजावी लागत नाही. तिच्या अंगठ्याच्या नखाशी हिरवा डाग आहे, देठांचा. दहा गाठी होईपर्यंत फक्त बघा.

मग विचारा. "ताई, हातांचा फोटो काढू का?" विचारल्याशिवाय काढू नका, आणि नाही म्हटलं तर हसून पुढे व्हा. लांबून झूम करून चोरून काढलेल्या फोटोत माणूस कितीही सुंदर आला तरी मला तो बघवत नाही. लहान मुलांचा काढायचा तर आईला विचारून. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो कधीच काढू नये, याबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. त्याला नाही म्हणता येत नाही.

होमाई व्यारावाला यांची आठवण इथे येते. जन्म 1913 चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. देश त्यांना पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखतो, नेहरूंच्या, माउंटबॅटनच्या, सत्तांतराच्या काळातल्या छायाचित्रांमुळे. मला त्यांनी सुरुवातीला मुंबईत काढलेले फोटो जास्त जवळचे वाटतात. जे. जे.तल्या मैत्रिणी, शहरातला साधा दिवस. आरंभीचं त्यांचं काम नवऱ्याच्या नावाने छापून यायचं. त्या मैत्रिणींच्या चेहऱ्यांवर एक सैलपणा आहे, आणि तो समोर कॅमेरा घेऊन त्यांच्यातलीच एक उभी होती म्हणून आला, असं मला वाटतं.

क्षणभर डोळे मिटा आणि आपल्या आईचे फोटो आठवा. लग्नातला, कुणाच्या मुंजीतला, रेशनकार्डासाठी काढलेला. भाजी निवडताना, केस विंचरताना, खिडकीत नुसतीच बसलेली असा एखादा आहे का? माझ्याकडे नाही. तिचे हात कसे होते ते मला आठवावं लागतं. म्हणून सांगते, घरातल्या, शेजारच्या, रस्त्यावरच्या बायकांचे असे फोटो काढा आणि आपलाही कुणाला तरी काढायला सांगा. दर नोव्हेंबरात आता हयातीचा दाखला फोनवरून देता येतो. चेहरा समोर धरा, डोळे मिचकवा, झालं. आपण आहोत एवढं त्यातून सरकारला कळतं. आपण कशा आहोत, हे दुसऱ्या फोटोंनी सांगायचं.

रात्री जेवणं आवरल्यावर दिवसाचे फोटो उघडा. ग्रुपवर टाकायची घाई करू नका. किती जणांनी अंगठा दाखवला हे बघत बसलो की आपलं बघणं पुन्हा कुणाच्या तरी दिमतीला लागतं. एकेक फोटो पडद्यावर निवांत राहू द्या. काढताना न दिसलेलं काय आलं आहे? गजरे करणारीच्या हातांच्या माझ्या फोटोत मागे एक स्टीलचा डबा आला होता, झाकणावर पोळीचा तुकडा ठेवलेला. तिची न्याहारी.

तो फोटो मी स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढा छापून घेतला आणि तिला नेऊन दिला. फोटो कागदावर हातात आला की माणूस तो वेगळ्या तऱ्हेने बघतो. तिने आधी हात पदराला पुसले. बराच वेळ बघून म्हणाली, "हात आईसारखे झाले माझे." मग शेजारणीला दाखवला, शेजारणीने पलीकडच्या दुकानात. परत हातात आल्यावर तो गल्ल्याच्या पेटीच्या झाकणाला आतून लावला आणि मला म्हणाली, "गुरुवारी या. सासूबाई येतात वसईहून, चाफा घेऊन. त्यांचा कुणी काढलाच नाही कधी."

मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, बाजारात पाय ठेवायला जागा नसेल. तरी जाऊ या. सहाला पोचलो तर अजून अंधार असतो, गर्दी थोडी विरळ असते, आणि त्यांच्या पाटीवरच्या दिव्याचा उजेड एका चेहऱ्याला पुरेल.